वंचित : हो / नाही

१

दीडेक वर्षापूर्वी एका सामाजिक संस्थेच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाचं काम माझ्याकडे आलं. पगाराचं काम नव्हतं, शनिवार-रविवारी करायचं. मुलं ऑनलाइन अर्ज भरणार, माहिती डेटाबेसमध्ये साठणार, संस्थेची माणसं त्यातून निवड करणार. त्यांनी दिलेल्या यादीत सतराव्या क्रमांकावर एक प्रश्न होता: 'वंचित घटकातील आहे काय?' उत्तर हो किंवा नाही. आमच्या भाषेत याला बूलियन म्हणतात. डेटाबेसमधला सगळ्यात स्वस्त रकाना. मी तो पाच मिनिटांत केला आणि फॉर्म नीट चालतो का हे पाहायला नेहमीसारखी स्वतःचीच माहिती भरली. गाव लातूर जिल्ह्यातलं, वडील शेतकरी, जमीन कोरडवाहू, इंजिनिअरिंग विष्णुपुरीत. सतराव्या प्रश्नाला 'हो' केलं. जराही विचार केला नाही. पुण्यात नोकरीला लागल्यापासून मी स्वतःची ओळख अशीच करून देत आलोय: मराठवाड्यातला, मागास भागातला.

त्याच आठवड्यात मी लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' वाचत होतो, दुसऱ्यांदा. पहिल्यांदा वाचलं ते विष्णुपुरीच्या होस्टेलवर. तेव्हा ते मला एका हुशार मुलाची संघर्षकथा वाटलं होतं. आपल्याच लातूरचा माणूस, चोरीच्या धंद्यात ढकललेल्या जमातीत जन्मला, शिकला, गिरणीत लागला, कामगारांचा पुढारी झाला, आणि १९८७मध्ये आलेल्या आत्मकथनाला पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वाचून छाती भरून आली आणि मी परीक्षेच्या अभ्यासाला लागलो.

या वेळी मात्र पहिल्याच परिच्छेदात अडकलो. तो सतरावा रकाना डोक्यात होता म्हणून असेल.

२

त्याआधी 'वंचित' या शब्दाबद्दल. शब्द संस्कृतातल्या 'वञ्च्' धातूवरून आला आणि त्या धातूचा ठळक अर्थ आहे फसवणं. 'वञ्चित' म्हणजे फसवला गेलेला. मराठीत हा अर्थ अजून जिवंत आहे. वंचना, प्रवंचना, आत्मवंचना हे शब्द आपण फसवणुकीच्याच अर्थानं वापरतो. पण 'वंचित' म्हटलं की फसवणूक गळून पडते आणि उरतो फक्त काही नसलेला माणूस. बातमीत आपण वाचतो, अमुक वस्तीतली मुलं शिक्षणापासून वंचित राहिली. 'राहिली' हे क्रियापद बघा. बस चुकली आणि मुलं स्टँडवर राहिली, तसं. 'वंचित ठेवली' असंही मराठीत म्हणता येतं, पण मग 'कोणी?' हे सांगावं लागतं. 'राहिली' म्हटलं की त्या प्रश्नातून सुटका.

नसण्याचा विचार आपल्याकडे फार बारकाईनं झालेला आहे. वैशेषिकांनी 'अभाव' हा एक स्वतंत्र पदार्थ मानला आणि त्याचे प्रकार पाडले. मडकं घडण्याआधी नसतं तो प्रागभाव. फुटल्यावर नसतं तो प्रध्वंसाभाव. वाऱ्याला रंग नसतो, कधी नव्हता आणि कधी नसणार, तो अत्यंताभाव. मडकं म्हणजे कापड नव्हे, हा अन्योन्याभाव. शिवाय त्यांचा एक नियम आहे, नुसता अभाव असं काही नसतं. अभाव नेहमी कशाचा तरी असतो आणि कुठे तरी असतो.

अॅरिस्टॉटलनं 'मेटाफिजिक्स'च्या पाचव्या भागात हीच गाठ वेगळ्या टोकानं सोडवली. एखादी गोष्ट नाही असं आपण किती अर्थांनी म्हणतो, याची त्यानं यादी केली. झाडाला डोळे नसतात, हा एक अर्थ. ते असण्याचा प्रश्नच नव्हता. दुसरा अर्थ सांगताना त्यानं चिचुंदरीसारखा जमिनीत बिळं करून राहणारा मोल हा प्राणी आणि आंधळा माणूस शेजारी ठेवले. दोघांना दिसत नाही, पण सारख्या अर्थानं नाही. मोलच्या जातीलाच दृष्टी नाही. माणसाच्या जातीला ती असते, या एका माणसाला नाही. तिसरा अर्थ वेळेचा: जे ज्या वयात असायला हवं, ते त्या वयात नाही. आणि चौथा अर्थ त्यानं एका ओळीत सांगून टाकला: बळानं काढून घेतलेलं.

माझ्या धंद्यात हाच घोळ रोज होतो. रकाना रिकामा असला की आम्ही तिथं 'नल' ठेवतो. १९७०मध्ये रिलेशनल मॉडेल मांडणाऱ्या एडगर कॉडनं पुढे सुचवलं होतं की याला एक खूण पुरणार नाही, दोन हव्यात. एक, माहिती असायला हवी पण मिळालेली नाही. दुसरी, ती इथं लागूच होत नाही. फोन नंबर कळला नाही ही एक गोष्ट, फोनच नाही ही दुसरी. प्रत्यक्षात वापरात राहिली ती एकच खूण. आम्ही सगळी नसणी एका पोत्यात भरतो आणि पुढे जातो.

३

'उचल्या'ची सुरुवात म्हणजे अशा नसण्यांची यादी आहे. आपल्याला आपलं म्हणावं असं गाव नाही, जन्माची तारीख नाही, घर-शेत नाही, इतकंच काय जातसुद्धा नाही, असं सांगून लेखक स्वतःची ओळख करून देतो. आणि लगेच सांगतो की आपण लातूरजवळच्या धनेगावात जन्मलो. एरवी आत्मचरित्राची सुरुवात गाव, घराणं, तिथी यांनी होते. इथंही रकाने तेच आहेत, फक्त प्रत्येकासमोर 'नाही' आहे. पहिल्या वाचनात मला हे चार 'नाही' एकाच वजनाचे वाटले होते, एका लयीत आलेली तक्रार. ते तसे नाहीत.

जन्मतारीख नाही. ही खरं तर असते. माणूस कुठल्या तरी दिवशी जन्मतोच. नाही ती नोंद. कॉडची पहिली खूण. पण नोंद कोणाची ठेवायची हे कोणी तरी ठरवत असतं. लेखकाच्या जमातीतल्या माणसांची नोंद सरकारकडे अजिबात नव्हती असंही नाही. पोलिसांकडे होती. आजोबांना हजेरी द्यावी लागे. म्हणजे जन्माला आल्याची नोंद नाही, संशयित असल्याची आहे.

गाव नाही. धनेगाव आहे, नकाशावर आहे, आणि लेखक तिथंच जन्मलाय. म्हणजे 'कशाचा अभाव' याचं उत्तर गाव हे नव्हे. अभाव आहे तो गावानं आपलं म्हणण्याचा.

घर-शेत नाही. इथं मोल आणि आंधळा माणूस कामाला येतात. लेखक लिहितो तेव्हा मोजमाप माणसाचं आहे: माणसाला घर असतं, गावातल्या माणसाला शेत असतं, मला नाही. गाव मोजतं तेव्हा मोजमाप जातीचं असतं: ह्यांच्यात शेत नसतंच. ज्याच्याकडून काढून घेतलं, त्याच्या जातीलाच ते नसतं असं ठरवून टाकलं की नसणं हा स्वभाव होतो. आंधळ्याला मोल ठरवण्याची ही युक्ती आहे, आणि जातिव्यवस्था ती इतकी सफाईनं करते की ज्याच्यावर केली तोही बऱ्याचदा मान्य करतो. 'उचल्या'तला शाळेचा प्रसंग आठवा. बाप पोराला शाळेत घालतो. वस्तीतली मुलं उलट्या-जुलाबांनी आजारी पडतात, आणि वस्तीच म्हणते, हे ह्याच्या शाळेमुळे झालं. आपल्यात कोणी शाळेत जात नाही. होस्टेलवर वाचताना हा प्रसंग मला अंधश्रद्धेचा वाटला होता. आता वाटतं, पिढ्यानपिढ्या जे मिळू दिलं नाही, ते आपल्यासाठी नाहीच असं एकदा मनात बसलं की ते मिळणं हाच अपशकुन वाटायला लागतो. बापानं पोराची शाळा सुटू दिली नाही, हे या पुस्तकातलं मला सगळ्यात मोठं धाडस वाटतं, आणि गायकवाड ते कसलाही आव न आणता सांगतात.

जात नाही. हा चौथा 'नाही' सगळ्यात अवघड. होस्टेलवर आमच्यातले बरेच जण म्हणायचे, आम्ही जात मानत नाही. मीही म्हणायचो. ज्याच्या खिशात पैसे आहेत त्यानं पैशाचं काही नाही म्हणावं, तसं ते होतं. गायकवाडांचा 'नाही' तो नव्हे. गावगाड्यात ज्याला अलुत्या-बलुत्यातही जागा नाही, आणि ज्याच्या जमातीला भागागणिक वेगळं नाव आहे, त्याचा तो 'नाही' आहे. जात नसणं ही इथं मुक्ती नाही. जाचाच्या व्यवस्थेतही नोंद नसणं आहे.

४

अॅरिस्टॉटलनं एका ओळीत उरकलेला चौथा अर्थ, बळानं काढून घेणं, तो या पुस्तकाचा गाभा आहे.

१८७१ साली ब्रिटिशांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आधी तो उत्तर हिंदुस्थानात लागू झाला आणि १९११च्या कायद्यानं सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात आला. मराठवाडा तेव्हा निजामाचा, पण तिथंही याच धर्तीची व्यवस्था होती. कायद्याचं सूत्र एकच: अमुक जमातीत जन्मला तो गुन्हेगार. नाव नोंदवायचं, हजेरी द्यायची, परवानगीशिवाय हलायचं नाही. ३१ ऑगस्ट १९५२ला कायदा रद्द झाला. त्यानंतर या जमातींना 'विमुक्त' म्हणू लागले, पण पाठोपाठ सराईत गुन्हेगारांचे कायदे आले.

या कायद्यानं नेमकं काय काढून घेतलं? जमीन म्हणावी तर ती बऱ्याच जणांकडे आधीही नव्हती. त्यानं काढून घेतलं ते साध्या माणसाला न मागता मिळणारं एक भांडवल: पुरावा मिळेपर्यंत तू चोर नाहीस. हे गेलं की मजुरी मिळत नाही, मजुरी नाही की चोरी, आणि चोरी केली की कायदा बरोबरच होता. 'उचल्या'त हे चक्र विधानांतून येत नाही, तपशिलांतून येतं. पोरांना खिसे कापायला शिकवणं, आणि त्याबरोबरच त्यांना मारून मारून घट्ट करणं, म्हणजे पुढे पोलिसांच्या मारात नावं फुटणार नाहीत. रात्री-अपरात्री पडणारी पोलिसांची धाड. चोरीच्या मालात पोलिसांचा वाटा. लेखक आपल्या माणसांना निष्पाप म्हणून उभं करत नाही. ते चोरी करतात, त्यात त्यांचं कसब आहे, आणि कसबाचा थोडा अभिमानही. वाचकाची दया मिळवायची असती तर हे झाकता आलं असतं.

आणि मग पुस्तकाचं नाव. उचल्या, म्हणजे उचलणारा, चोर. ज्याचं सगळं उचलून नेलं त्याचं नाव उचलणारा. वंचिताला वंचक म्हणण्याचा हा प्रकार आहे, आणि गायकवाडांनी तेच नाव कव्हरवर लावलं.

५

हे मी लिहितोय ते विष्णुपुरीतल्या भाड्याच्या खोलीत. कंपनीनं घरून काम करायची मुभा दिल्यावर मी पुण्याहून इथं परत आलो. नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे ठिकाण म्हणजे मराठवाड्याच्या मागणीपत्राचं एक पानच आहे. गोदावरीवरचा विष्णुपुरी प्रकल्प, अभियांत्रिकी संस्था, वैद्यकीय महाविद्यालय, १९९४ साली स्थापन झालेलं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ. यातली बरीचशी गोष्ट भांडून, मागून, मोर्चे काढून मिळालेली. मी स्वतः त्याच मागण्यांचा लाभार्थी आहे.

या भांडणाचा आवडता शब्द 'अनुशेष'. १९८३मध्ये राज्य सरकारनं वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. सिंचन, रस्ते, वीज, शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रांत प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीच्या किती खाली आहे हे समितीनं मोजलं आणि तूट भरायला किती खर्च येईल ते काढलं. १९८४च्या अहवालात राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपये निघाला. त्यात मराठवाड्याचा सुमारे ७५० कोटी. पुढे १९९४मध्ये घटनेच्या कलम ३७१(२)खाली वैधानिक विकास मंडळं आली. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२०ला संपली.

अनुशेषाचं मोजमाप मला आवडतं, कारण त्यात रडगाणं नाही. किती कमी, ते आकड्यात सांगा. पण या पद्धतीला नसण्याचा एकच अर्थ कळतो: सरासरीपेक्षा कमी. त्यात जिल्हा हा एक माणूस होतो. धनेगाव ज्या लातूर जिल्ह्यात आहे त्याचा रस्त्यांचा अनुशेष भरून निघाला, तर धनेगावच्या पाथरुटांचा निघाला असं समजायचं. एकाच जिल्ह्यात ज्यांच्या विहिरीला वीज नव्हती ते आणि ज्यांना त्या विहिरीवर पाणीच भरू देत नव्हते ते, दोघांची बेरीज करून सरासरी काढली जाते.

२०१६चा एप्रिल आठवा. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. देशभर बातमी झाली. ते योग्यच होतं, आमचे नातेवाईक त्या पाण्याच्या रांगेत होते. पण रेल्वे आली ती असलेलं पाणी गेलं म्हणून. प्रध्वंसाभावाची बातमी होते. ज्या तांड्यावर, ज्या पालावर नळ कधी नव्हताच, तिथला प्रागभाव तसाच चालू राहतो. जे आधी होतं आणि गेलं ते डोळ्यांत भरतं. जे होऊच दिलं नाही ते दिसत नाही, कारण फुटलेल्या मडक्याच्या खापऱ्या तरी राहतात.

६

दुसऱ्या वाचनानंतर दिवाळीला गावी गेलो तेव्हा आजीला विचारलं, आपल्या गावात असे लोक होते का. आजीचं लग्न पोलीस अॅक्शननंतर पाच-सहा वर्षांनी झालं. आमच्या घरात तेव्हा पोलीस पाटीलकी होती, हे मला माहीत होतं. वाड्याची जुनी गोष्ट म्हणून ते घरात कौतुकानंच सांगितलं जातं.

आजी म्हणाली, "व्हते की. वढ्याच्या कडंला राहायचे. सांजच्याला आपल्या वाड्याम्होरं येऊन बसायचे. तुझा पणजा एकेकाचं नाव घ्यायचा, ते 'हाय जी' म्हनायचे, मग जायचे."

"ते का यायचे?"

"का म्हंजी? यावंच लागायचं. गावात चोरी झाली की आधी त्यांच्याकडंच जायचे. आमाला सांगितल्यालं, ते आले की भांडी आत घ्यायची."

"त्यांनी कधी आपलं काही चोरलं का?"

आजी थोडा वेळ गप्प बसली. "आपलं? न्हाई बाबा. आठवत न्हाई."

मी मनात हिशेब केला. आजी या घरात आली तेव्हा कायदा रद्द होऊन एक-दोन वर्षं झालेली होती. हजेरी चालूच होती, आमच्या दारात. आजोबांच्या हजेरीबद्दल 'उचल्या'त वाचताना मी कोणाच्या बाजूनं वाचत होतो? लेखकाच्या. मराठवाड्यातला, मागास भागातला, म्हणजे त्याच बाकावरचा. पण प्रसंगात हजेरी घेणाराही असतो, आणि माझा पणजोबा तिथं होता.

मी स्वतःला वंचित म्हणत होतो ते पूर्ण खोटं नव्हतं. कोरडवाहू जमीन, वडिलांचं कर्ज, पुण्यात माझ्या बोलीवर हसणारी माणसं हे खरं होतं. पण त्यातला 'नाही' सरासरीचा होता, आणि तो मी बळानं काढून घेतल्याच्या रकान्यात टाकत होतो. मराठीत याला शब्द आहे, आणि तो त्याच धातूतून आलाय: आत्मवंचना. पश्चिम महाराष्ट्राकडे बोट दाखवण्यात आमच्या प्रदेशाच्या दोन-तीन पिढ्या गेल्या. ते बोट चुकीचं नाही. पण त्या आडोशाला आमच्या वाड्यासमोरचं अंगण राहून गेलं.

७

'उचल्या'त उणिवा आहेत. पुस्तकाचा पूर्वार्ध जितका घट्ट आहे तितका उत्तरार्ध नाही. सूतगिरणी, संप, संघटना, मेळावे आले की प्रसंगांची जागा घटना घेऊ लागतात, माणसं कार्यकर्ते होतात, आणि कधी कधी अहवाल वाचल्यासारखं वाटतं. पहिल्यांदा मी ती पानं भराभर उलटली होती. आताही ती कमी रसाळ वाटतात, पण तिथं काय बदलतंय ते कळतं. पूर्वार्धात 'नाही' ही अवस्था आहे. उत्तरार्धात ती मागणी होते, आणि मागणी करायची तर समोर कोणी तरी लागतं: मालक, पोलीस, सरकार. 'वंचित राहिलो'चं 'वंचित ठेवलं' होतं. भाषा कोरडी होते ती त्यामुळेही असेल.

दुसरी उणीव मला अधिक खुपते. या घरातल्या बायका आपल्याला सतत दिसतात. धाडीत मार खाणाऱ्या, अब्रूची भीती बाळगणाऱ्या, चोरीला जाणाऱ्या, पोरं जगवणाऱ्या. पण त्यांची स्वतःची 'नाही'ची यादी पुस्तकात नाही. लेखकानं आपल्या चार नसण्यांनी पुस्तक उघडलं. त्याच्या आईनं उघडलं असतं तर कुठल्या चार गोष्टी सांगितल्या असत्या? बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' 'उचल्या'च्या एक वर्ष आधी पुस्तकरूपात आलं होतं. काढून घेतलेल्यांच्या घरातही काढून घेणारा असतो, हे ते पुस्तक न कचरता सांगतं. 'उचल्या' तिथपर्यंत जात नाही.

तरीही 'वंचित' या शब्दाचा अर्थ कोणी विचारला तर मी शब्दकोशाआधी 'उचल्या'चं पहिलं पान उघडायला सांगेन, आणि एकेका 'नाही'पाशी थांबून तीन प्रश्न विचारायला सांगेन. कशाचा? केव्हापासून? कोणी?

संस्थेलाही मी सतरावा रकाना काढून हेच तीन प्रश्न ठेवा असं सुचवलं. पहिले दोन त्यांनी घेतले. तिसरा अर्जात नको म्हणाले, आणि मला ते पटलं. सतरा-अठरा वर्षांच्या पोरानं शिष्यवृत्तीसाठी कोणाचं नाव लिहायचं? शिवाय ते उत्तर एकट्या त्यानं द्यायचं नाहीच. चाचणीसाठी भरलेली माझी नोंद मात्र मी पुन्हा उघडली. 'केव्हापासून' या रकान्यात काय लिहावं ते सुचेना. शेवटी ती नोंद काढून टाकली आणि पुढच्या रविवारी आजीकडून ओढ्याकडच्या माणसांची नावं लिहून घेतली. तिला तीनच आठवली.